खासगी वाट आणि सरकारी रस्ता

‘खासगी’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मराठ्यांच्या राज्यकारभारात त्याला एक नेमका अर्थ मिळाला. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा, हा भेद जुन्या दप्तरांतून ठळकपणे दिसतो. होळकरांच्या संस्थानात तर खासगी हे एक स्वतंत्र खातेच होते. अहिल्याबाईंनी देशभर उभारलेल्या देवालयांचा आणि घाटांचा खर्च याच खासगीतून झाला. तेव्हा खासगी म्हणजे लपविलेले, असा अर्थ मुळात नव्हता. अहिल्याबाईंचे घाट लपविण्यासारखे नव्हतेच. ज्याचा हिशेब दुसऱ्याला मागता येत नाही, ते खासगी, एवढाच त्याचा अर्थ.

हा शब्द आज आपल्या घरांत एका नव्याच संदर्भात ऐकू येऊ लागला आहे. आदिलाबाद, निर्मल, आसिफाबाद, मंचिर्याल या भागांतील आपल्या जुन्या मराठी घराण्यांची मुले हैदराबाद, पुणे, नागपूर येथे आणि आखाती देशांपासून अमेरिकेपर्यंत पांगलेली आहेत. सुटीत घरी आली की ती ‘व्हीपीएन’, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, याविषयी बोलतात. कोणी सांगतो की क्लाउडमध्ये लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यावा, त्यावर आपला स्वतःचा व्हीपीएन उभारावा, म्हणजे आपला व्यवहार कोणालाच दिसत नाही. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध तपासून घेण्याजोगा आहे. तो तपासण्यासाठी यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासाचा आधार अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. कारण दुसऱ्याच्या रस्त्यावरून आपला निरोप सुखरूप कसा न्यावा, हा प्रश्न फार जुना आहे आणि आपल्या मुलुखाने तो अनेकदा सोडविला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीचा काळ घ्या. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. त्यांनी पुण्याला नाना फडणिसांकडे धाडावयाचे पत्र निजामाच्याच मुलुखातून, निजामाच्याच चौक्यांवरून पुढे जावयाचे. १७९५ मध्ये खर्ड्याला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. त्याआधीच्या वर्षांतही ही पत्रे चालूच होती. रस्ता परक्याचा आणि मजकूर आपला, अशी ही स्थिती. यावर मराठी मुत्सद्द्यांनी केलेल्या व्यवस्थेची तीन अंगे ध्यानात घेण्यासारखी आहेत.

पहिले अंग लखोट्याचे. मजकूर बंद करावा, म्हणजे वाटेत कोणी वाचला तर निदान फोडल्याची खूण राहील. दुसरे अंग मोर्तबाचे. पत्राच्या अखेरीस मोर्तब करण्याची जी रीत होती, तिच्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. मजकूर जेथे संपला तेथे शिक्का उमटला की त्यापुढे एक अक्षरही कोणास घुसडता येऊ नये, हा हेतू. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली मुद्रा उमटविलेली आढळते, तिचा अर्थही हाच. तिसरे अंग जासुदाचे. पत्र नेणारा माणूस आपल्या पदरचा असावा आणि शक्यतो एकट्याऐवजी जोडी धाडावी.

आज संगणकशास्त्रात ज्याला मजकुराची गुप्तता म्हणतात ते लखोट्याचे काम, आणि मजकुराची अखंडता म्हणतात ते मोर्तबाचे. जासुदाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट तेव्हाही साधत नव्हती आणि आजही सहजी साधत नाही. जासूद कोणाकडून निघाला आणि कोणाकडे चालला, हे वाटेवरच्या चौकीला दिसतच असे. लखोट्याने मजकूर झाकला जातो, प्रवास झाकला जात नाही. पुढील सर्व विवेचनात हा भेद वाचकांनी मनाशी धरावा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हैदराबाद संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःची टपालतिकिटे काढली. १८७१ पासूनच्या तिकिटांवर फारसी लिपीबरोबर इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अक्षरेही छापलेली होती. आपली भाषा संस्थानाच्या तिकिटावर होती, ही गोष्ट आजच्या पिढीला ठाऊक असावयास हवी. संस्थानाचे हे स्वतंत्र टपाल १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाले. तोवरच्या सुमारे ऐंशी वर्षांत पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे टपाल होते आणि पलीकडे, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या वऱ्हाडात, इंग्रजांचे. आपल्या घराण्यांची सोयरीक तर दोन्ही तीरांवर. नदीपलीकडच्या लेकीला किंवा व्याह्यांना धाडलेले पत्र दोन सरकारांच्या हातांतून जाई. ते सुखरूप पोहोचे, कारण दोन्ही सरकारांना टपालाची पत राखावयाची होती. परंतु ते उघडून पाहण्याची मुभाही सरकारने आपल्याकडे ठेवली होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात तर ही मुभा कायद्यानेच नोंदविली गेली. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक निकडीच्या वेळी तारा अडविण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि १८९८ च्या टपाल कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने टपालातील वस्तू अडविण्याचा. खुद्द इंग्लंडातही हा वाद झालेला होता. १८४४ मध्ये लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या मॅझिनीची पत्रे सरकार फोडून वाचते, असे उघडकीस आले आणि पार्लमेंटात गदारोळ उडाला. मॅझिनीने ते ओळखले कसे, तर लखोट्यात खसखशीचे दाणे आणि वाळूचे कण घालून. पत्र पोहोचले आणि दाणे नसले, तर वाटेत कोणी तरी लखोटा उघडला होता. सावरकरांच्या १९०७ च्या पुस्तकामुळे मॅझिनी मराठी वाचकांच्या घरचा झाला. ही खसखस मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

या दोन कायद्यांचे आयुष्य पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. स्वातंत्र्यानंतरही ते चालूच राहिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणात या अधिकाराला कार्यपद्धतीचे कुंपण घातले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. तार आणि टपाल या दोन्ही कायद्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे कायदे संमत झाले आणि २०२४ मध्ये ते अमलात येऊ लागले. अडवणुकीचा अधिकार त्यांतही कायम आहे. म्हणजे एका बाजूला खासगीपणाचा मूलभूत अधिकार आणि दुसऱ्या बाजूला विशिष्ट कारणांसाठी लखोटा उघडण्याचा सरकारचा अधिकार, अशा दोन तीरांमधून आज आपला व्यवहार वाहतो आहे.

स्वतःची वाट स्वतः बांधण्याचे दोन प्रयोग या ठिकाणी आठवतात. पहिला १९४२ चा. ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टला सुरू झालेले हे केंद्र पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवीत जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला पकडले गेले. ते पकडले गेले ते केवळ शोधयंत्रामुळे नव्हे. आतल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण दाखविले. अडीच महिने यंत्राने साथ दिली, अखेरीस माणूस फुटला.

दुसरा प्रयोग आपल्या अंगणातला. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यास नकार देत असताना स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी संस्थानाच्या सीमेबाहेर शिबिरे उभारली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या चांद्याच्या शिबिरात पी. व्ही. नरसिंह राव यांनी काम केले. मराठी उत्तम जाणणारे आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे हेच ते गृहस्थ, पुढे देशाचे पंतप्रधान झालेले. संस्थानातील तार आणि टपाल निजामाच्या हाती असल्याने आत-बाहेरचे निरोप माणसामाणसांतून जात. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही वाट विश्वासाच्या बळावर चालली.

यंत्रयुगाने या जुन्या व्यवस्थेत भर घातली ती एका फार मोठ्या अडचणीचे उत्तर देऊन. पूर्वी सांकेतिक भाषेत लिहावयाचे तर तिची किल्ली दोन्ही पक्षांना आधी प्रत्यक्ष भेटून ठरवावी लागे. करपल्लवी असो वा आकड्यांची लिपी, शिकविल्याशिवाय समोरच्याला कळणार कशी? १९७६ मध्ये अमेरिकेतील व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले, की कधीही न भेटलेली दोन माणसे भर बाजारात, सर्वांच्या कानावर पडेल असे बोलून, आपापसांत एक गुपित ठरवू शकतात. त्यातूनच दुहेरी किल्लीची कल्पना रूढ झाली. एक किल्ली उघडी, ती कोणालाही द्यावी. दुसरी आपली, ती घराबाहेर जाऊ देऊ नये. उघड्या किल्लीवरून घरची किल्ली काढणे व्यवहारात अशक्य, इतके ते गणित कठीण.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाले. त्याच सुमारास कंपन्यांना आपल्या दूरदूरच्या कचेऱ्या या सार्वजनिक रस्त्यावरून परस्परांशी खासगीपणे जोडावयाच्या होत्या. मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांनी मिळून पीपीटीपी नावाची पद्धत काढली. तिच्या कर्त्यांत गुरदीप सिंग पाल हे भारतीय वंशाचे अभियंते होते. सार्वजनिक रस्त्याच्या पोटातून आपला बंद बोगदा काढावयाचा, ही कल्पना. परंतु १९९८ मध्येच तज्ज्ञांनी तिच्या मायक्रोसॉफ्टकृत रूपातील उणिवा उघड केल्या. २००१ मध्ये जेम्स योनन यांनी ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. मध्य आशियात प्रवास करीत असताना परक्या देशांतील कंपन्यांच्या तारांवरून आपले काम उघडेपणी जाते, या चिंतेतून ते जन्मले. गोविंदराव काळ्यांची चिंता याहून निराळी नव्हती. पुढे जेसन डोननफेल्ड यांनी वायरगार्ड रचले आणि मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. जुन्या पद्धतींच्या मानाने त्याची संहिता फार आटोपशीर, सुमारे चार हजार ओळींची. म्हणून जाणकारांना ती तपासणे सोपे.

उरली ती जागा. पूर्वी सर्व्हर म्हणजे स्वतःचे यंत्र, त्याला वीज, थंडावा आणि राखण. २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाच्या हिशेबाने यंत्र भाड्याने देण्यास आरंभ केला आणि क्लाउड हा शब्द रूढ होत गेला. त्या कंपनीने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत आपली केंद्रे उघडली. नाव मेघाचे असले तरी ही यंत्रे जमिनीवरच आहेत, कोणाच्या तरी मालकीच्या इमारतीत आणि कोणत्या तरी सरकारच्या कायद्याखाली.

आता घरची मुले म्हणतात तो ‘स्वतःचा व्हीपीएन’ म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगता येईल. दरमहा काही शे रुपये भाड्याने लिनक्सचे एक लहान यंत्र घ्यावयाचे. त्यावर वायरगार्ड बसवावयाचे. घरातील प्रत्येक यंत्रावर, मग तो आजोबांचा फोन असो वा नातवाचा संगणक, किल्ल्यांची एकेक जोडी तयार करावयाची. घरची किल्ली त्या यंत्रातच ठेवावयाची आणि उघडी तेवढी सर्व्हरला कळवावयाची. प्रत्येकाला एक अंतर्गत पत्ता द्यावयाचा, आणि आलेली वाहतूक पुढे इंटरनेटवर धाडण्याची परवानगी सर्व्हरला द्यावयाची. बाहेरची बाकी दारे लावून घ्यावयाची. खुद्द सर्व्हरच्या कारभारासाठी एक दार उघडे राहतेच, परंतु तेथे परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीनेच शिरता येईल असे करावयाचे. वायरगार्डच्या दारावर दस्तक देणाऱ्याजवळ ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही, जणू घरात कोणी नाही. संपूर्ण काम जाणत्या माणसाला एका दुपारचे. त्यानंतरची जबाबदारी मात्र कायमची: यंत्रातील सुधारणा वेळच्या वेळी बसविणे आणि कोणाचा फोन हरवला तर त्याची किल्ली तत्काळ रद्द करणे.

याने काय साधते? फोनपासून सर्व्हरपर्यंतचा रस्ता बंद होतो. रेल्वे स्थानकावरील किंवा लॉजमधील वायफाय चालविणाऱ्याला, अथवा आपल्या इंटरनेट कंपनीला, आपण कोणकोणत्या ठिकाणी जातो ते दिसत नाही. बँकेसारख्या ठिकाणांचा मजकूर व्हीपीएन नसतानाही बंद लखोट्यातूनच जातो, हेही सांगितले पाहिजे. व्हीपीएनने झाकला जातो तो मुख्यतः प्रवासाचा पहिला टप्पा.

आणि काय साधत नाही? सर्व्हरपासून पुढचा टप्पा उघडाच राहतो. पूर्वी जी गोष्ट इंटरनेट कंपनीला दिसत असे ती आता यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीला दिसू शकते. विश्वास नाहीसा झाला नाही, त्याने घर बदलले. शिवाय विकत मिळणाऱ्या व्हीपीएनमध्ये हजारो गिऱ्हाइके एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात. आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावरून मात्र आपण एकटेच. ज्या वाटेवर एकच जासूद चालतो, त्या वाटेवर जासूद कोणाचा हे विचारावे लागत नाही.

यावर कायद्याने शिक्कामोर्तब केले आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी, तसेच भाड्याने सर्व्हर आणि क्लाउड पुरविणाऱ्यांनीही, ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे प्रयोजन यांची नोंद निदान पाच वर्षे ठेवावी, असे त्यांत आहे. त्या वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. म्हणून हैदराबाद वा मुंबईच्या केंद्रात सर्व्हर घेणारा नातू अज्ञात राहतो, ही समजूत चुकीची आहे. त्याचे नाव खातेवहीत आहे. कायद्याने चालणाऱ्याला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण भ्रमही बाळगू नये.

आखातात असलेल्या मुलांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी वा झाकण्यासाठी व्हीपीएनसारख्या साधनाने आपला पत्ता बदलणाऱ्याला २०१६ च्या दुरुस्तीने पाच लाख ते वीस लाख दिरहमपर्यंत दंड आणि कैद ठरविली, आणि २०२१ च्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. आदिलाबादेतून पाठविलेली किल्ली तेथे वापरताना कायदा तेथलाच लागू होतो. घरच्या माणसाचा चेहरा पाहता यावा ही इच्छा कितीही निरागस असो, मुलाने तिकडचा नियम आधी समजून घ्यावा.

मग आपल्यासारख्या घराण्यांना याचा खरा उपयोग कोठे? आमच्या मते तो लपण्यात नसून जोडण्यात आहे, आणि व्हीपीएनचा मूळ उद्देशही तोच होता. १९५६ मध्ये भाषावार रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. एकाच घराण्याच्या सनदा एका राज्यात, १९५४-५५ ची खासरा पहाणी दुसऱ्या राज्यात, मोडी वह्या तिसऱ्याच भावाच्या माळ्यावर, ही आपल्यातील अनेकांची अवस्था आहे. हे कागद आता छायाप्रतींच्या रूपाने एकत्र करता येतात. ते घरच्याच एका संगणकावर ठेवावेत आणि चारही घरांनी आपल्या बंद वाटेने तेथे यावे, हे आज अल्प खर्चात शक्य आहे. जमिनीचे कागद फोनवरील गटांतून फिरत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरे. क्लाउडमधील सर्व्हर येथे तिजोरी नाही, वेस आहे. भाडे थकले की कंपनी ते यंत्र पुसून टाकते. त्यामुळे मूळ ठेवा तेथे ठेवू नये, त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी असाव्यात.

आणि एक प्रश्न, जो यंत्र विचारत नाही पण घराने विचारला पाहिजे. किल्ली कोणाकडे? सर्व्हरचे खाते एका पुतण्याच्या नावावर, त्याच्याच पैशावर आणि त्याच्याच स्मरणावर चालत असेल, तर तो परदेशी गेला, रागावला वा आजारी पडला की सगळी वाट बंद. जुन्या वाड्यांत कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे सर्वांना ठाऊक असे, आणि तिच्यानंतर ती कोणाकडे जाणार हेही. तीच शिस्त येथे हवी. निदान दोघांना कारभार ठाऊक असावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा, जासुदांची जोडी धाडणाऱ्यांच्या विचाराप्रमाणे.

लखोटा, मोर्तब आणि जासूद या तिन्हींपैकी पहिली दोन कामे गणिताने आज पूर्वीपेक्षा फार चोख केली आहेत. तिसरे अजून माणसांवरच आहे. रस्ता कोणाचा, त्याची नोंद कोण ठेवतो आणि किल्ली कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न विचारून जो आपली वाट बांधील, त्याची वाट जुन्या अर्थाने खासगी ठरेल: लपलेली नव्हे, पण आपल्या हिशेबाची.